सतरा नंबरचं शटर

माझ्या दिराला आख्खा बाजार ‘साडेतीन’ म्हणायचा, कारण त्याच्या उजव्या हाताला अंगठा धरून तेवढीच बोटं होती. बाकीची दीड माझ्या नवऱ्याबरोबर गेली. एकाच सकाळी, एकाच शटरपायी.

तोंडावर मी त्याला भावजी म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. मनात मात्र अरे-तुरेच होतं, आणि इथेही तेच येणार. अहो-जाहोसुद्धा जुनीच गोष्ट, कारण अकरा वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्याचा शटर दुरुस्तीचा गाळा माझ्या बटणांच्या दुकानासमोर, मध्ये फक्त बारा पावलांचा रस्ता. रोज सकाळी आम्ही समोरासमोर शटरं उचलायचो आणि संध्याकाळी पाडायचो. मी माझं इतक्या जोरात आपटायचे की शेजारचा न्हावी एकदा हात जोडून म्हणाला, “वहिनी, निदान गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असताना तरी आपटू नका.”

शटर म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही. त्याला वाटतं पत्रा आहे, वर जातो, खाली येतो. पण त्याचा जीव आतल्या बाजूला, वरच्या पाइपात असतो. त्यात जाड स्प्रिंग असते. पाइपाच्या भोकात लोखंडी सळई घालून ती ओढायची, ती भिंतीच्या आधाराला टेकवायची, मग दुसऱ्या भोकात दुसरी सळई घालून ओढायची. चार ओढी म्हणजे एक पीळ. असे सात पीळ बसले की दोन माणसांना न उचलणारं शटर दोन बोटांनी वर जातं. शेवटी बोल्ट आवळायचा. तोपर्यंत मात्र सळई हातची जाऊ द्यायची नाही, कारण गेली तर ती गरकन फिरते आणि दात, जबडा, डोळा, समोर येईल ते फोडते. साडेतीनच्या उस्तादाला एकच डोळा होता. त्या उस्तादाच्या उस्तादाला खालचे दात नव्हते. धंदाच असा, माणसाचा थोडा थोडा भाग ठेवून घेतो.

आणि हा माणूस त्या धंद्यासाठीच जन्मलेला. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शाळेतून काढला तो मास्तरांच्या मनगटाला चावला म्हणून. दोनदा पोलिसांनी आत ठेवला, एकदा शटरला लाथ मारणाऱ्या टेम्पोवाल्याचा खांदा निखळवला म्हणून आणि दुसऱ्यांदा तोच टेम्पोवाला तक्रार करायला गेला म्हणून. लग्न ठरलं होतं, पण मुलीचा मामा बोलता बोलता म्हणाला की ही शटरं-बिटरं सोडून काही बरं काम बघा. मामांना उचलून जिन्याखाली ठेवण्यात आलं. लग्न मोडलं.

माझा नवराही काही गरीब गाय नव्हता. दोघांत तो मोठा, त्यामुळे हात आधी त्याचा उठायचा. त्याचं सतरा नंबरचं काचसामानाचं दुकान माझ्या सोळा नंबरला लागून. कप, बरण्या, किटल्या, लग्नात द्यायचे सेट. दोघा भावांचे आवाज चढले की मी आपली धावत जाऊन मोठ्या बरण्या वरच्या फळीवर ठेवायचे. तासाभराने दोघं एकाच डब्यातून जेवताना दिसायचे, एकाचा ओठ फाटलेला, दुसऱ्याचा कान लाल.

मग हमरस्त्यावर ते मोठं विक्री संकुल झालं. सरकता जिना, गारेगार हवा, गाड्या लावायला मैदान. आमच्या पेठेतलं गिऱ्हाईक तिकडे वळलं ते वळलंच. माझ्या नवऱ्याने तिकडे गाळा घ्यायचं ठरवलं, आणि भावाने ते मनाला लावून घेतलं. त्या सकाळी सतराचं शटर जड झालं होतं म्हणून हा शिडीवर चढून पीळ देत होता. नवरा खाली, बरोबर शटरच्या रेषेत, बोल्टचा पाना हातात घेऊन उभा. मी माझ्या दुकानात एका बाईला हूक मोजून देत होते. सगळं ऐकू येत होतं.

“या पेठेत आता मेलेली माणसं फिरतात,” नवरा म्हणाला. “तू बस त्यांची शटरं दाबत.”

“पाचवा पीळ आहे. गप राहा.”

“नाही राहत. काय करशील?” मग पाना हाडावर बसल्याचा आवाज आला. नवऱ्याने त्याच्या घोट्यावर हाणला होता.

आणि मग शटर आलं.

मी पोचले तेव्हा नवऱ्याचे पाय रस्त्यावर होते. बाकीचं मी सांगणार नाही. मानेवर आलं एवढं पुरे. शटर उचलायला सहा हमाल लागले. शिडीवर हा तसाच, उजव्या हातातून रक्ताची धार, बोटांकडे न बघता खाली भावाकडे बघत होता. पोलिसांना म्हणाला, “सळई निसटली.” बाजार म्हणाला, निसटते कसली, रागात सोडली. मला या दोनपैकी एक उत्तर हवं होतं. निसटली असेल तर माझं नशीब फुटकं. सोडली असेल तर माझ्या माणसाचा खुनी रोज बारा पावलांवर शटर उचलतोय. पण विचारायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तो “निसटली” म्हणाला असता तर मी त्याचे दात घशात घातले असते. म्हणून विचारलं नाही.

त्यानंतर बाजार हळूहळू मेला. साठ दुकानांपैकी चालू राहिली एकतीस. एखादं दुकान कायमचं मिटलं की साडेतीन स्वतः जाऊन त्याच्या स्प्रिंगचा पीळ काढून टाकायचा आणि शटरच्या खालच्या कोपऱ्यात खडूने फुली मारायचा. फुली म्हणजे हे शटर मेलंय, उचलाल तर अंगावर येईल. हमालांपासून रद्दीवाल्यापर्यंत सगळ्यांना ती खूण ठाऊक होती. पावसाने पुसली की हा परत काढायचा. फक्त सतरा नंबरला त्याने कधी हात लावला नाही. माझ्या दुकानाच्या बाजूने कधी चाललादेखील नाही. सतराला कुलूप मी घातलं होतं आणि चावी माझ्या गळ्यात होती.

अशात सरकारला आमची आठवण झाली. जुन्या बाजारपेठांना पुन्हा उभं करण्याची योजना आली. मंजूर झाली तर सरकार रस्त्यावर छप्पर घालणार, गटार झाकणार, फरशी, दिवे, बसायला बाकं देणार. अट एकच. पाहणीच्या दिवशी साठपैकी चाळीस दुकानं चालू दिसली पाहिजेत. चालू म्हणजे शटर पूर्ण वर, दुकानदार आत, आणि तसा फोटो. मेलेल्या बाजाराला सरकार पैसे देणार नाही, मरायला टेकलेल्याला देईल, असा त्याचा सरळ अर्थ.

आमचे अध्यक्ष कापडवाले. पेठेत एक दुकान, आणि गुपचूप त्या संकुलातही एक. सभेत दोन खुर्च्या तुटल्या, एकाचा चष्मा फुटला, आणि शेवटी ठरलं की बंद दुकानं एका दिवसापुरती उघडायची. न्हाव्याने आपल्या दोन खुर्च्यांपैकी एक शेजारच्या गाळ्यात नेली, म्हणजे दुकानं दोन. एका निवृत्त मास्तरांना सहा झाडू देऊन बसवायचं ठरलं, ‘गृहोपयोगी वस्तू’ म्हणून. मास्तरांनी विचारलं, कोणी झाडू मागितलाच तर? अध्यक्ष म्हणाले, “तर द्या, पण परत आणायला सांगा.”

आणि साडेतीन कामाला लागला. आठवड्यात त्याने आठ मेलेली शटरं जिवंत केली. पीळ दिले, बोल्ट आवळले आणि ओल्या फडक्याने फुल्या पुसल्या. एका ठिकाणी सळईने कपाळ फोडलं, तर वर फडकं बांधून पुढच्या शिडीवर चढला. पेठ मेली असं त्याच्यासमोर कोणी म्हणायची सोय नव्हती. फुली पुसताना तो हसतो, हे मी त्या आठवड्यात अकरा वर्षांनी पाहिलं आणि माझं डोकं तडकलं. माझा माणूस मेला आणि हा फुल्या पुसून हसतो!

एकतीस आणि आठ, एकोणचाळीस. उरलेल्यांपैकी काहींची छपरं कोसळलेली, काहींचे मालक परगावी. राहिलं सतरा.

खरं सांगू? मला छप्पर-दिव्यांचं तेवढं काही नव्हतं. मला त्याला त्या शटरखाली उभा करायचा होता. म्हणून मी मीटरपट्टी हातात घेऊनच बारा पावलं ओलांडली.

“भावजी, सतरा उघडायचंय.”

तो अर्धा उठला, परत बसला. “नाही.”

“का?”

“नाही म्हटलं ना.”

“आठ उघडलीत. त्यांची माणसं कोण लागत होती तुमची?”

“वहिनी, नाही.”

मी पट्टी त्याच्या खांद्यावर हाणली. परत हाणली. तिसऱ्यांदा त्याने ती हवेत पकडली, गुडघ्यावर कडाडकन मोडली, आणि मला वाटलं आता माझा नंबर. पण त्याने शेजारचं लोखंडी स्टूल उचलून स्वतःच्याच भिंतीवर असं फेकलं की गिलावा पडला. मग पट्टीचे दोन्ही तुकडे उचलून मला दिले. एक साठ सेंटिमीटरचा, एक चाळीसचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते दोघांनाही लागू.

मी तडक अध्यक्षांकडे गेले आणि गळ्यातली चावी त्यांच्या टेबलावर टाकली.

“शटर गंजलंय,” मी म्हटलं.

“त्याला फुली आहे का?”

“नाही.”

“मग काय! स्प्रिंग जिवंत आहे. गंजाला तेल पाजायचं, हमाल उचलतील. त्या रागीटाची गरजच नाही.”

फुली नव्हती कारण फुली मारायला तो कधी गेलाच नव्हता, हे त्यांना सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. शिलाई मशीनच्या तेलाच्या आठ बाटल्या मी माझ्याच दुकानातून काढून दिल्या, आणि हमालांनी त्या सतराच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत ओतल्या. अकरा वर्षं ज्या गंजाने ते धूड धरून ठेवलं होतं, तो गंज मी स्वतः सोडवला.

पाहणीच्या दिवशी सकाळी सगळी पेठ नटली होती. मास्तर झाडू घेऊन बसले होते, माझ्या सोळात शेजारची एक बाई बसवली होती. साडेतीनला अध्यक्षांनी मुद्दाम पेठेच्या पार टोकाला एका अडकलेल्या शटरच्या नावाने पाठवलं होतं. हमालांनी गाडीचा जॅक लावून सतरा वर चढवलं, कुरकुरत, इंचाइंचाने, आणि खाली लाकडी टेकू दिला. मी आत पाहिलं. कपांवर बोटभर धूळ. भिंतीजवळ शिडी तशीच उभी. जमिनीवर दोन सळया, त्या दिवशी पडल्या तिथेच.

पाहणीच्या बाई आल्या. उन्हाने थकलेल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. “दुकानदार कोण? आत उभे राहा, फोटो घेते.”

“टेकू काढ रे,” अध्यक्ष हमालाला म्हणाले. “फोटोत बरा दिसत नाही. आणि तो जॅक गाडीत टाकून पाठव, उगाच प्रश्न नकोत.”

टेकू काढला. शटर राहिलं. अध्यक्षांनी माझ्याकडे विजयाने पाहिलं. जॅकची गाडी वळणावरून गेली. मी उंबरठ्यावर पाय ठेवला, आणि रस्त्याच्या टोकाकडून ओरडणं ऐकू आलं. त्याने काय ऐकलं असेल, देव जाणे. शटरांचे आवाज त्याला माणसांसारखे ओळखू यायचे. तो शिव्या देत, लोकांना कोपराने पाडत धावत येत होता. मला वाटलं मला मारायला येतोय. मी मुद्दाम तिथेच थांबले, ये म्हटलं.

डोक्यावर कुर्रर्र झालं. माझ्या कमरेत लाथ बसली. अशी की मी हवेतून जाऊन काउंटरच्या कडेवर तोंडाने आदळले, आणि वरची फळी कपांसकट माझ्यावर आली. मागे प्रचंड दणका झाला आणि अंधार पसरला.

तोंडात दोन दात सुटे फिरत होते. ते थुंकून मी वळले. शटर पूर्ण टेकलं नव्हतं. खाली उजेडाची बारीक चीर होती, आणि त्या चिरेत, माझ्या बाजूला, एक हात. साडेतीन बोटांचा.

बाहेर एकच गोंधळ. “उचला, उचला!” शटर एका बाजूने वीतभर उठलं, वाकडं झालं, आणि सुटून परत त्या हातावर बसलं. असा आवाज मी माणसाच्या घशातून कधी ऐकला नव्हता.

“हात लावू नका!” तो बाहेरून किंचाळला. “वाकडं आहे, परत बसेल! जो हात लावेल त्याचा गळा दाबीन, दुसरा हात मोकळा आहे माझा!” मग जरा वेळाने, खालून, “वहिनी?”

मी अंगावरची फळी बाजूला सारली.

“वहिनी, जिवंत आहात का?”

“लाथ कोणी मारली?”

“मी. तोल गेला, हात आत राहिला.”

“दोन दात गेले माझे.”

“म्हणजे जिवंत आहात.” तो धापा टाकत होता. “स्प्रिंगमध्ये पीळ नाही वहिनी. त्या दिवसापासून नाही. मी फुली मारली नाही, जवळच येता आलं नाही मला.”

“हे परवा सांगता आलं नाही?”

“तुम्ही विचारलंत कुठे? पट्टी मारलीत.”

जॅक गेला होता. दुकानाला मागचं दार नाही. पीळ आतूनच बसणार होता, आणि आत मी. त्याने खालून सांगितलं, मी ऐकलं. शिडी लावली. दोन्ही सळया उचलल्या. एकीवर काळपट डाग होता, तो कशाचा ते मला माहीत होतं. वरच्या झरोक्यातून पट्टाभर उजेड पाइपावर येत होता. भोक सापडलं. ओढलं. दिवसभर बटणं मोजणारे माझे हात, त्यांना तो लोखंडाचा जोर म्हणजे आक्रीत. पहिला पीळ कसाबसा बसला. दुसऱ्याला तळव्याची कातडी गेली. तो खालून मोजत होता, मध्येच कण्हत, मध्येच शिव्या घालत, माझ्या हळूपणाला, अध्यक्षांना, सरकारला. तिसरा. चौथा. पाइप आता उलटा ओढायला लागला होता, कुत्रं दोरीला ओढतं तसा. पाचव्याला घामाने सळई सरकत होती.

“पाच,” तो म्हणाला. “थांबू नका.”

मी थांबले. दोन्ही हातांनी सळई धरून, तिच्यावर सगळं अंग टाकून थांबले.

“भावजी, त्या दिवशी पाचवाच होता ना?”

बाहेरचा गलका एकदम खाली गेला. निदान मला तसं वाटलं.

“हो.”

“निसटली की सोडली?”

“वहिनी, आधी...”

“निसटली की सोडली?”

उजेडाच्या चिरेत तो हात दिसत होता. त्याची बोटं एकदा हलली.

“सोडली,” तो म्हणाला. इतक्या हळू की ते फक्त शटरच्या माझ्या बाजूला ऐकू आलं. “त्याने पाना मारला. मी म्हटलं, मर. आणि सोडली. तो खाली होता ते मला दिसत होतं.”

खोटं का बोलू, माझी मूठ ढिली झाली. आता सळई सोडली असती तर पाच पीळ एकदम उलटले असते, तेलाने गुळगुळीत झालेलं ते धूड त्या चिरेतून खाली बसलं असतं, आणि तो हात मनगटापासून माझ्या बाजूला राहिला असता. कोणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, निसटली. बाईमाणसाच्या हातून निसटणारच. अकरा वर्षं मी हेच मागत होते, आणि ते माझ्या दोन मुठींत होतं.

“सोडायची तर सोडा,” तो खालून म्हणाला. “पण तोंड बाजूला घ्या आधी. सळई जबडा फोडते.”

मी रडले. मोठ्याने, तोंडातलं रक्त गिळत, त्याला माहीत असतील तेवढ्या सगळ्या शिव्या त्याला घालत रडले. आणि सहावा पीळ दिला. सातवा दिला. मग सळई छातीशी धरून ओरडले, “मी धरलंय, उचला!” शटर हलकं होऊन वर गेलं, दोन हमालांच्या नुसत्या हाताने. उजेड भसकन आत आला. एका हमालाने शिडीवर चढून बोल्ट आवळला, तरी माझ्या मुठी उघडेनात. न्हाव्याने एकेक बोट सोडवलं.

साडेतीन उंबरठ्याला पाठ लावून बसला होता, हाताला कोणाचा तरी शर्ट गुंडाळून. अध्यक्ष पुढे आले, म्हणाले, “नशीब, मोठं काही झालं नाही.” मी त्यांच्या कानाखाली असा जाळ काढला की ते कपांच्या ढिगात बसले. पाहणीच्या बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. काय बोलावं ते सुचेना तेव्हा माणूस कागदावरचंच बोलतो. त्या म्हणाल्या, “हे... हे दुकान चालू आहे का?”

मी काउंटरमागे गेले. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. एक किटली धडधाकट राहिली होती, ती पुसून पुढे ठेवली.

“चालू आहे. काय देऊ?”

त्यांनी फोटो काढला. तो अजून सरकारच्या फायलीत आहे.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत चौकीतला हवालदार आला. साडेतीनचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, “साहेब, अकरा वर्षांपूर्वीचंही लिहून घ्या. तेव्हा मी खोटं...”

“दुखण्याने बरळतोय,” मी म्हटलं. “तेव्हा निसटली होती. मी शेजारीच होते.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तुरुंगात गेला असता तर माझा राग मी कोणावर काढायचा होता? मला तो समोर हवा होता, बारा पावलांवर, रोज.

डॉक्टरांनी आणखी दोन बोटं काढली. उरला अंगठा आणि अर्धं बोट. बाजारात एकाने गमतीत ‘दीड’ म्हणून पाहिलं. मी त्याला पट्टीचा साठ सेंटिमीटरचा तुकडा दाखवला. नाव साडेतीनच राहिलं.

योजना मंजूर झाली, उशिरा, पण झाली. छप्पर आलं, गटार झाकलं गेलं, दिवे लागले. मास्तरांनी झाडूंचं दुकान खरंच चालवायला घेतलं. साडेतीनला आता पीळ देता येत नाही, म्हणून पेठेतली शटरं मी पिळते आणि तो खाली उभा राहून मोजतो आणि चुका काढतो. सतराच्या समोर सरकारी बाक आहे. सकाळी मी सतरा उघडते तेव्हा तो बाकाजवळ उभा असतो. शटर वर टेकलं की मगच बसतो.

माफ केलं का, असं बायका विचारतात. नाही केलं. करणारही नाही. नवऱ्याचा फोटो काउंटरवर आहे आणि दात अजून बसवलेले नाहीत, चावताना रोज आठवण होते.

मागे एकदा सहाव्या पिळाला मी शिडीवर असताना तो खालून म्हणाला, “वहिनी, त्या दिवशी घाम होता, तेल होतं, हात नवखे. तरी तुमच्या हातून निसटली कशी नाही?”

“निसटत होती भावजी,” मी म्हटलं. “सोडली नाही. मोजा पुढे.”

सळई टेकेपर्यंत तो वर बघत राहिला. मग म्हणाला, “सात.”